एक फूट खाली गेलेला गाभारा

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांची अब्राहम लिंकनशी पहिली ओळख भिंतीवरच्या एका चौकटीतून झालेली असते. मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं ते पत्र. (ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा कुठेच नाही, पण चौकटी काही उतरलेल्या नाहीत.) तर याच लिंकनचा एक अर्धपुतळा इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, शेतांनी वेढलेल्या एका छोट्या बाजारगावाच्या चर्चमध्ये, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला आहे. गावाचं नाव हिंगम. इंग्रजी स्पेलिंग बघून हिंगहॅम म्हणावंसं वाटतं, पण तिथली माणसं मधला ह गिळून टाकतात.

लिंकन कधी इंग्लंडला गेला नाही. या गावाशी आपलं नातं आहे हेसुद्धा त्याला खात्रीने माहीत नव्हतं. त्याच्या खापरपणजोबांचे आजोबा इथले, आणि ते पोरवयात जहाजावर चढून अमेरिकेला गेले. तेही एकटे नव्हेत. 1633 ते 1639 या सहा-सात वर्षांत हिंगम आणि आसपासच्या पट्ट्यातून दोनशेच्या वर माणसं समुद्रापार गेली. तिकडे अमेरिकेतही त्यांनी हिंगम नावाचंच गाव वसवलं; त्या पलीकडच्या हिंगममधल्या गावकारभाऱ्याने नंतर या लोकांची यादी करून ठेवली, त्यात 206 जण भरतात. एवढ्याशा गावातून इतकी माणसं उठून का गेली, याचं उत्तर शोधायला लागलं की आपण चर्चच्या आत, अगदी आतल्या टोकाला जाऊन पोचतो. तिथे एक टेबल आहे. ते कुठे ठेवायचं यावरून हा सगळा गोंधळ झाला. निदान बराचसा.

आधी इमारत बघू. सेंट अँड्र्यूज हे चर्च गावाच्या मानाने फारच मोठं आहे. रेमिजियस नावाचे धर्मगुरू 1319 ते 1359 अशी चाळीस वर्षं इथे होते आणि त्यांच्याच काळात ते जवळजवळ पूर्ण नव्याने बांधलं गेलं. मधेच 1349 मध्ये प्लेगने नॉरफोक झोडपून काढलं, तरी काम तडीस गेलं. बुरुज सुमारे 120 फूट उंच. नॉरफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड निघत नाही. शेतात नांगराला लागतात ते चकमकीचे काळे-करडे गोटे. म्हणून भिंती या गोट्यांच्या, आणि कोपरे, खिडक्यांच्या चौकटी अशा नेमक्या ठिकाणी बाहेरून आणलेला घडीव दगड. आत वेदीजवळच्या उत्तरेकडच्या भिंतीवर मॉर्ली घराण्याचं 15व्या शतकातलं स्मारक आहे, तांबूस दगडाचं, जमिनीपासून थेट वर छताकडे चढत गेलेलं. पूर्वेच्या मोठ्या खिडकीतली रंगीत काच मूळची जर्मनीतली, ती 19व्या शतकाच्या सुरुवातीला इथे बसवली.

आता टेबल.

जुन्या इंग्लिश चर्चचे ढोबळ दोन भाग असतात. लोक जिथे जमतात तो मोठा भाग म्हणजे आपला सभामंडप समजा. त्याच्या पूर्वेला अरुंद भाग, तो गाभारा. पूर्वी गाभाऱ्याच्या टोकाला भिंतीला लागून दगडी वेदी असे. तिथे धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये विधी करी आणि लोक लांबून बघत. भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचं प्रत्यक्ष शरीर आणि रक्त होतात, ही श्रद्धा. म्हणजे वेदीवर रोज एक यज्ञच होतो म्हणा ना.

16व्या शतकात इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटलं आणि हे सगळं उलटंपालटं झालं. नव्या मताच्या लोकांचं म्हणणं सरळ होतं: येशूचं बलिदान एकदाच झालं, ते पुन्हा पुन्हा करायचं नसतं. शेवटच्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला, त्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन घ्यायचं. जेवण म्हटलं की वेदी कशाला, टेबल हवं. 1550 मध्ये सहाव्या एडवर्डच्या सरकारने हुकूम काढला की दगडी वेद्या काढा, लाकडी मेजं आणा. तीन वर्षांत मेरी गादीवर आली, ती पक्की कॅथलिक. वेद्या परत आल्या. मग एलिझाबेथ आली, वेद्या परत गेल्या. गावच्या सुताराला आणि गवंड्याला या दहा वर्षांत काय वाटलं असेल याचा विचार करून बघा.

एलिझाबेथने 1559 मध्ये जो तोडगा काढला तो फार गमतीचा आहे. टेबल एरवी जुन्या वेदीच्या जागी, भिंतीशी ठेवायचं. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र ते तिथून उचलून पुढे, लोकांना धर्मगुरूचं ऐकू येईल अशा ठिकाणी आणायचं. झालं की परत जागेवर. जुन्या मताच्या माणसाला भिंतीशी असलेलं टेबल वेदीसारखं दिसे आणि नव्या मताच्या माणसाला मधोमध आलेलं टेबल जेवणाच्या पाटासारखं. दोघांनाही आपलंच चाललंय असं वाटत राहावं, अशी ही व्यवस्था. प्रत्यक्षात अनेक गावांनी उचलाठेव सोडून दिली आणि टेबल पुढेच राहू दिलं. त्यावर मग लोक टोप्या ठेवत, मुलं बसत, हिशेबाच्या वह्या पसरत. साठ-सत्तर वर्षं हे असंच चाललं आणि फारसं कोणाचं अडलं नाही.

1633 मध्ये विल्यम लॉड कँटरबरीचे आर्चबिशप झाले, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च अधिकारी. राजा पहिला चार्ल्स त्यांच्या पाठीशी. लॉड यांना हा अघळपघळपणा सहन होईना. देवाच्या घरात शिस्त हवी, सौंदर्य हवं, माणसाच्या गुडघ्याला वाकायची सवय हवी, हे त्यांचं मत. तेव्हा टेबल कायमचं पूर्वेच्या भिंतीशी, आडवं, वेदीसारखं ठेवायचं. त्याभोवती कठडा घालायचा. लोकांनी कठड्यापर्यंत येऊन गुडघे टेकून प्रसाद घ्यायचा. नॉरफोक ज्या धर्मप्रांतात येतं त्या नॉर्विचला 1635 मध्ये बिशप म्हणून मॅथ्यू रेन आले. लंडनचं सेंट पॉल्स बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनचे हे काका. लॉड यांच्यापेक्षाही कडक. त्यांच्या 1636 च्या हुकमात कठड्याचं मापसुद्धा आहे: उंची साधारण एक यार्ड, आणि खांब इतके जवळजवळ की मधून कुत्रं शिरता कामा नये.

कुत्र्यावर हसू नका. त्या काळी शेतकरी कुत्र्यासकट चर्चमध्ये येत आणि कुत्रं जिथे जाईल तिथे जे करतं तेच करी. कठड्याच्या बाजूचं सर्वात व्यवहारी कारण हेच होतं. पण प्युरिटनांना, म्हणजे चर्च अजून पुरतं शुद्ध झालेलं नाही असं मानणाऱ्या कडव्या मंडळींना, कठड्यात वेगळंच दिसत होतं. टेबलाभोवती कुंपण घातलं की ते पुन्हा वेदी झालं. वेदी झाली की बलिदान आलं, बलिदान आलं की भट आला, आणि भटामागून पोप यायला किती वेळ? शिवाय हा कठडा गावाच्याच पैशातून करायचा. आणि नको असेल तर रविवारी घरी बसायची सोय नव्हती: चर्चला गैरहजर राहणाऱ्याला दर रविवारी बारा पेन्स दंड, हा कायदा 1559 पासूनच होता. आज आपल्याला हा वाद खुळचट वाटतो, कारण आपण त्या गावातलं एकच चर्च, एकच टेबल आणि सक्तीची हजेरी, या तिन्ही गोष्टी एकत्र धरून बघत नाही. देवळात कोणी कुठपर्यंत जायचं यावरून आपल्याकडे काय काय झालं हे आठवलं तर मात्र फार समजावून सांगायला नको.

हिंगममध्ये 1605 पासून धर्मगुरू होते रॉबर्ट पेक. केंब्रिजमध्ये शिकलेले, पक्के प्युरिटन, आणि स्वभावाने अजिबात मवाळ नाहीत. रविवारची प्रार्थना संपली की लोकांना घरी जमवून पुन्हा धर्मशिक्षण द्यायचे, स्तोत्रं गायचे. यावरून आधीच्या बिशपांशीही त्यांचे खटके उडाले होते, कारण चर्चबाहेर लोक जमवणं म्हणजे स्वतःचा वेगळा पंथ उभा करणं अशी वरच्यांना भीती. रेन आले आणि प्रकरण टोकाला गेलं. पेक यांनी कठडा उखडला. आणि तेवढ्यावर न थांबता वेदीची जागा, गाभाऱ्याच्या जमिनीसकट, खणून चर्चच्या जमिनीपेक्षा एक फूट खाली नेली.

या एका फुटात सगळं आलं. लॉड यांच्या मताप्रमाणे वेदी पायऱ्यांवर, सगळ्यात उंच. माणूस तिच्याकडे चढत जातो. पेक यांनी केलं असं की माणूस तिच्याकडे उतरत जाईल. टेबल पुढे ओढून आणलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी कोणीही मागे ढकललं असतं. फरशी खणल्यावर ती सहज भरता येत नाही. (आपल्याकडे गाभारा खोलगट असला म्हणून देवाचं काही कमी होत नाही, पण तिथे उंचीलाच सगळा अर्थ होता.) बिशपने कारवाई सुरू केली, पण ती एक फुटाची उतरण तशीच राहिली, 18व्या शतकात नॉरफोकचा इतिहास लिहिणाऱ्याने ती अजून तशीच असल्याची नोंद केली आहे.

1638 मध्ये पेक यांनी गाव सोडलं. वय 58. ‘डिलिजंट’ नावाच्या जहाजात 133 माणसं होती, त्यांतली बरीच हिंगमची आणि जवळपासची. बरोबर बायको, दोन मुलं, दोन नोकर. शिवाय भाऊ जोसेफ सहकुटुंब. ऑगस्टमध्ये जहाज बोस्टनला लागलं. मागे उरलेल्यांनी 1640 मध्ये पार्लमेंटकडे अर्ज केला. त्यात त्यांचं गाऱ्हाणं असं की धडधाकट, कर्ती माणसं घरंदारं मिळेल त्या भावाला विकून निघून गेली आणि गरिबांचा भार आमच्या गळ्यात पडला. ही बाजू स्थलांतराच्या गौरवकथांमध्ये क्वचित येते. जहाजात बसायला भाडं लागतं. ज्यांच्याकडे ते नव्हतं ते गावातच राहिले.

पण सगळे धर्मासाठीच गेले का? पुढे पार्लमेंटने बिशप रेनवर खटला भरला तेव्हा आरोपांत हेही होतं की त्यांच्या जाचामुळे तीन हजारांवर माणसं, त्यात कितीतरी विणकर, देश सोडून गेली. रेन यांचा बचाव: लोक गेले ते मजुरी कमी म्हणून, माझ्यामुळे नव्हे. स्वतःची कातडी वाचवणाऱ्या माणसाचं म्हणणं आहे हे खरं. तरी ते साफ खोटंही म्हणता येत नाही. नॉर्विच हे लोकरी कापडाचं मोठं केंद्र होतं आणि त्या वर्षांत तो धंदा मंदीत होता.

लिंकनचा पूर्वज नेमका विणकरच. सॅम्युअल लिंकन. हिंगमच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख 24 ऑगस्ट 1622. नॉर्विचच्या एका विणकराकडे तो उमेदवारीला होता आणि 1637 मध्ये त्याच मालकाच्या कुटुंबाबरोबर, नोकर म्हणून, मॅसॅच्युसेट्सला जायला निघाला. प्रवाशांच्या यादीत त्याचं आडनाव भलतंच लिहिलंय आणि वय 18. बाप्तिस्म्याप्रमाणे तो पुरता पंधराचाही नव्हता. परवान्यासाठी वय वाढवलं असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही.

आणि घरची पार्श्वभूमी? ती आपल्याला फारच ओळखीची आहे. सॅम्युअलचे आजोबा रिचर्ड बऱ्यापैकी जमीनजुमला असलेले. त्यांनी चार लग्नं केली. सॅम्युअलचे वडील एडवर्ड हे पहिल्या बायकोचे. मृत्युपत्रात रिचर्ड यांनी घर आणि बहुतेक सगळं चौथ्या बायकोला आणि तिच्या मुलांना दिलं. थोरल्या घरच्या मुलाच्या हातात जवळजवळ काही आलं नाही. एडवर्डच्या मुलांना मग विणकाम वगैरे धंदे शिकावे लागले, आणि त्यांतले थॉमस, डॅनिअल, सॅम्युअल हे तिघे अमेरिकेला गेले. तेव्हा या स्थलांतराच्या मुळाशी एक कठडा होता, तशीच एक वाटणीही होती. आजोबांनी जमिनीचे सारखे भाग केले असते तर अमेरिकेचा सोळावा राष्ट्राध्यक्ष कोण झाला असता, हा खेळ ज्याला खेळायचा त्याने खेळावा.

पलीकडच्या किनाऱ्यावर बोस्टनच्या आग्नेयेला बेअर कोव्ह नावाची वस्ती होती. मूळ हिंगमचेच पीटर होबार्ट तिथे धर्मगुरू म्हणून आले आणि 1635 मध्ये वस्तीचं नाव बदलून हिंगम झालं. जमीन मोकळी पडलेली होती असं हे लोक मानत. ती मोकळी दिसत होती याचं एक कारण म्हणजे 1616 पासून दोन-तीन वर्षं चाललेली साथ. युरोपीयांबरोबर आलेल्या रोगाने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पाडली होती. उरलेल्या मूळ रहिवाशांकडून, वोम्पाटक आणि त्याच्या भावांकडून, हिंगमने खरेदीखत करून घेतलं ते 1665 मध्ये. म्हणजे घरं बांधून, शेतं काढून, एक पिढी तिथे वाढल्यावर कागद झाला. पेक यांच्या मुलीने तिथे 1639 मध्ये कॅप्टन जॉन मेसनशी लग्न केलं. दोनच वर्षांपूर्वी याच मेसनने मिस्टिक इथे पीकॉट या मूळ रहिवाशांच्या तटबंदीच्या वस्तीला आग लावून शेकडो माणसं, बायकापोरांसकट, मारली होती. टेबलाभोवतीचं कुंपण ज्यांना सहन झालं नाही, त्यांना ही सोयरीक चालली. मला या कथेतला सगळ्यात जड भाग हाच वाटतो, आणि दोन्हीकडच्या स्मारकांवर तो कुठे नाही.

इंग्लंडमध्ये तोवर फासे फिरले. लॉड तुरुंगात गेले, 1645 मध्ये त्यांचं शिर उडवलं. बिशप रेन टॉवर ऑफ लंडनमध्ये जवळजवळ अठरा वर्षं कोंडले गेले. सुटल्यावर त्यांनी केंब्रिजमध्ये एक चॅपल बांधायला पैसे दिले आणि काम पुतण्या ख्रिस्तोफरला दिलं, ती त्याची पहिली इमारत. सप्टेंबर 1641 मध्ये पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने कठडे काढा, टेबलं भिंतीपासून हलवा असा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात पेक अमेरिकेहून परत निघाले. बायको आणि मुलगा बरोबर, मुलगी तिकडेच. हिंगमला येऊन त्यांनी पुन्हा आपलं चर्च हातात घेतलं आणि 1658 मध्ये, 78 व्या वर्षी, ते तिथेच गेले. ‘प्युरिटन अमेरिकेला गेले’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो, पण बरेच जण परतही आले. ज्या कारणासाठी गाव सोडलं ते कारणच संपल्यावर काहींना ते जंगल आणि थंडी नकोशी झाली.

सॅम्युअल मात्र परतला नाही. पलीकडच्या हिंगममध्ये त्याला अकरा मुलं झाली. तिथे 1681 मध्ये उभं राहिलेलं लाकडी प्रार्थनागृह त्याने पाहिलं असणार, कारण तो 1690 पर्यंत जगला. ओल्ड शिप चर्च म्हणतात त्याला. आतून वर पाहिलं की वाकवलेल्या तुळयांचं छत उलट्या ठेवलेल्या जहाजासारखं दिसतं. ते अजून वापरात आहे.

सॅम्युअलचे वंशज न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी असे सरकत गेले. दर पिढीला एक मुक्काम आणि दर मुक्कामाला थोडी विस्मृती. 1848 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या हिंगममधल्या सॉलोमन लिंकन यांच्याशी अब्राहमचा पत्रव्यवहार झाला. घराण्याचं मूळ कुठलं, हा विषय. अब्राहमला आजोबांच्या पलीकडचं फारसं सांगता आलं नाही. 1859 मध्ये त्याने स्वतःची त्रोटक माहिती लिहून दिली, त्यात म्हटलंय की न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सकडच्या लिंकनांशी नातं जुळवण्याचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते एवढंच की दोन्ही घरांत मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच ती नावं आहेत. दुवा त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांतून जुळला.

हिंगमच्या चर्चमधला त्याचा अर्धपुतळा 1919 मध्ये बसवला. खर्च अमेरिकन नागरिकांचा, अनावरण अमेरिकेच्या राजदूतांच्या हस्ते. त्याच्या काही वर्षं आधी या गावाने पलीकडच्या गावाला एक भेट पाठवली होती: लोहाराच्या भट्टीजवळ पडून असलेला एक दगडी ठोकळा. लोक त्यावर पाय ठेवून घोड्यावर चढत. पलीकडच्यांनी बदल्यात ग्रॅनाइटचा एक धोंडा पाठवला. ठोकळा आता ओल्ड शिप चर्चशेजारी, पहिल्या वसाहतवाल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या घंटाघरात बसवलेला आहे.